मेजर किहीमकरांचा शनिवार

रागीट माणसांचं मला काडीचं अप्रूप नाही. माझे वडील आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. सासरे पेपर उशिरा आला तर पेपरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. नवरा, म्हणजे आमचे डॉक्टर, एक मोजा सापडला नाही तर अख्ख्या लंडनवर चिडायचे. हे सगळे राग मी सोसले आणि निस्तरले. पण मेजर रूबेन किहीमकरांचा राग या जातीचा नव्हता. त्यात स्वतःसाठी काही मागणं नसायचं. त्यांना भेटेपर्यंत राग म्हणजे दुर्गुण, असंच मी समजत होते. आता मला भीती वाटते ती कधीच न चिडणाऱ्या माणसांची. तशी माणसं मी ज्या इमारतीत पाहिली, त्याच इमारतीत मला मेजर भेटले.

इमारत सेंट जेम्स पार्कच्या बाजूला होती. संस्थेचं नाव लिहीत नाही. नोकरीला लागताना कसल्या कसल्या कागदांवर सह्या करून घेतल्या होत्या, आणि या वयात कोर्टाची पायरी चढायची मला हौस नाही. सरकारला लष्करी बाबतीत सल्ला द्यायचा, हे तिथलं काम. सल्ला देणारे सगळे सुटाबुटातले, भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचणारे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी तिथे रोज बघायची. मी टायपिस्ट होते. पुण्यात असताना शॉर्टहँड शिकले होते, म्हणून मीटिंगांनाही मला बसवायचे. आमचे डॉक्टर हॉस्पिटलात राबत असायचे आणि मी वेम्बलीच्या घरात पॅराफिनच्या हीटरपुढे बसून भिंती मोजायची. त्यापेक्षा ही नोकरी बरी, म्हणून धरली.

पहिल्याच आठवड्यात दुपारी डबा उघडला आणि मागून आवाज आला, "ओल्या खोबऱ्याशिवाय पोहे? पुण्याच्या दिसता!"

मी दचकून चमचाच खाली टाकला. त्या इमारतीत मराठी? वळून बघते तर करड्या मिशांचे, पलटणीचा टाय लावलेले, ठेंगणेसे गृहस्थ डब्यात डोकावताहेत. मी म्हटलं, "हो, पुण्याची. तुम्ही कुठले?"

"अलिबागेकडचे. किहीमकर. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. म्हणजे तुमच्या आजीच्या भाषेत शनिवार तेली. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद म्हणजे बंद. दारात राजा आला तरी तेल नाही."

"आणि गिऱ्हाइकं?"

"गिऱ्हाइकं शुक्रवारी यायची. शहाणी होती. शहाणी माणसं फक्त लंडनमध्ये दुर्मीळ आहेत."

हे सगळं दरवाजाशी उभ्या साहेबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मराठी कुणाला कळत नव्हतं हे खरं, पण मी घाईने डब्याचं झाकण लावलं. ऑफिसात त्यांना सगळे 'मेजर के' म्हणत. पुढची चार अक्षरं उच्चारायचे कष्ट कोण घेणार! मी त्यांना मेजरसाहेब म्हणायची, ते मला सुमनबाई.

त्यांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते हिंदी फौजेत होते, रसद पोचवायच्या खात्यात. आधी वाळवंटात आणि मग इटलीच्या डोंगरात. लढाईनंतर कधीतरी लंडनला आले आणि विल्सडन ग्रीनला बायकोबरोबर, फ्लोराबाईंबरोबर, राहायला लागले. मला माहीत आहेत ते ऑफिसातले मेजर, आणि रविवारी आमच्याकडे वालाचं बिरडं हाणायला येणारे मेजर. बिरड्यात नारळ कमी पडला तर तेही तोंडावर सांगायचे.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. पश्चिमेकडच्या देशांनी मिळून एक लष्करी युती केली होती. आणखी एखाद्या देशाला त्या युतीत यायचं असलं की सरकार आमच्या संस्थेला दोन प्रश्न विचारायचं. त्या देशाचं सैन्य तयार आहे का? आणि त्याला आत घ्यायचं तर खर्च किती येईल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मेजरांनी द्यायचं आणि दुसऱ्याचं हॅरिसने. हॅरिस म्हणजे ऑक्सफर्डहून आलेला, उंच, मऊ बोलणारा इंग्रज. हिशेबात पक्का. मेजरांकडून आंब्याचं लोणचं खायला शिकला होता आणि डोळ्यांत पाणी आलं तरी "सुपर्ब, मेजर" म्हणायचा. लोक मला अजून सांगतात की हॅरिस भला माणूस होता. असेल. भल्या माणसांचं मला काही सांगू नका.

मेजरांचं एका शब्दाशी हाडवैर होतं. तो शब्द 'जवळजवळ'. "जवळजवळ तयार" असं कुणी बोललं की त्यांचे कान लाल व्हायचे. एकदा एका तरुण साहेबाने मसुद्यात तसं लिहिलं होतं. मेजर त्याच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "जवळजवळ शिजलेला भात खाशील? जवळजवळ पोचलेल्या पुलावरून गाडी नेशील? मग हे कुणासाठी लिहिलंस?" तो बिचारा पांढराफटक पडला. नंतर मी म्हटलं, "अहो, केवढ्याने ओरडलात. शब्दच होता ना?" तेव्हा ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सुमनबाई, वाळवंटातून आम्हाला इटलीच्या डोंगरात पाठवलं ते सुती कपड्यांत. लोकरीचे कपडे मागून येणार होते. कुणा ब्रिगेडियरने आमची परेड बघून लिहिलं होतं, जवळजवळ तयार. माझ्या हाताखालचे सातारचे गडी, रत्नागिरीचे गडी. सकाळी हाक मारायला जावं तर ओ देत नसत." त्यानंतर तो शब्द मी स्वतःही वापरायचं बंद केलं.

त्यांची तपासणीची पद्धत अशी की सगळ्या संस्थेला तिची लाज वाटे. एखाद्या छावणीत गेले की मानवंदना, बँड, नवे कोरे रणगाडे हे सगळं ते जांभया देत बघत आणि मग विचारत, "मुदपाकखाना कुठे आहे?" अधिकाऱ्यांच्या टेबलावर भाजलेलं डुक्कर आणि वाइन मांडलेली असायची. मेजर त्यातलं काही खात नसत, त्यांच्या धर्मात चालत नव्हतं. ते सरळ आचाऱ्यांकडे जायचे, अंडी उकडून घ्यायचे, कांदा फोडायचे आणि तिथेच स्टुलावर बसून पावाबरोबर खायचे. यजमान कानकोंडे व्हायचे. पण आचारी खूश! असला साहेब त्यांनी कधी पाहिलेला नसायचा. खाता खाता मेजर विचारायचे की शिपायांना मटण कधी मिळतं, पीठ कुठून येतं, बर्फ पडला की गाड्या पोचतात का. शेवटी बाहेर येऊन पहिल्या रांगेतल्या नव्हे, मागच्या रांगेतल्या शिपायाला म्हणायचे, "बूट काढ." तळवे बघायचे. "पाय खोटं बोलत नाहीत," म्हणायचे, "जनरल बोलतात."

एका मीटिंगमध्ये आमचे डायरेक्टर कुठल्याशा देशाच्या संचलनाचं कौतुक करत होते. मेजर म्हणाले, "सुंदर होतं संचलन. लग्नातला बँडही सुंदर असतो. पण बँडबरोबर कुणी संसार करत नाही." डायरेक्टर हसले. ते नेहमीच हसायचे. त्यांना मी एकदाही चिडलेलं पाहिलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. दशांश नाणी नुकतीच आली होती आणि कंडक्टरशी सुट्ट्यांवरून रोज भांडणं व्हायची, त्या सुमाराची गोष्ट. एक देश युतीत यायला उतावीळ झाला होता. त्याचंही नाव लिहीत नाही. लष्करशहाची राजवट होती, उत्तरेला बर्फाचे डोंगर होते, एवढं पुरे. आमच्या सरकारलाही तो देश हवाच होता आणि त्याचं कारण अहवालातल्या हॅरिसच्या प्रकरणात होतं. ते मीच टाइप केलं. त्या डोंगरातली हद्द तो देश सांभाळणार असेल तर आपल्या तिथल्या पलटणी घरी आणता येतील आणि मोठा खर्च वाचेल. पण हे सगळं कशावर उभं, तर त्यांचं सैन्य तयार आहे यावर. मेजरांचं उत्तर 'नाही' आलं असतं तर हॅरिसचं प्रकरण केराच्या टोपलीत गेलं असतं. आणि हॅरिसला तेव्हा डेप्युटी डायरेक्टर व्हायचं होतं.

दोघं तिकडे जाऊन आले. सोमवारी सकाळी मेजर माझ्या टेबलापाशी आले ते कोट न काढताच. "सुमनबाई, पॅड घ्या." येरझारा घालत त्यांनी सगळं सांगितलं. काही इंग्रजीत, मला लिहून घेण्यासाठी, आणि संताप अनावर झाला की मराठीत, ते घ्यायचं नव्हतं.

झालं होतं ते असं. शुक्रवारी त्यांना एका शहराजवळची छावणी दाखवली. ट्रक चकचकीत, बूट नवे, मुदपाकखान्याच्या गाड्या घासूनपुसून ठेवलेल्या. मेजरांनी नेहमीप्रमाणे अंडी उकडून घेतली. दुसरी छावणी पार दुसऱ्या टोकाला, ती रविवारी दाखवणार होते. शनिवारी मेजर काम करत नाहीत हे यजमानांना अगोदरच कळवलेलं होतं. त्यांनी तो दिवस आनंदाने मोकळा ठेवला, हॉटेलात फळांची टोपलीसुद्धा पाठवली. त्यांना वाटलं, शनिवार पाळणारा माणूस म्हणजे खोलीत पडदे ओढून बसणार. अहो, शनिवारी काम करायचं नसतं, पाय मोडून बसायचं नसतं! मेजर हॅरिसला घेऊन गावामागच्या टेकडीवर फिरायला गेले. आणि खाली रस्त्यावरून काय चाललंय? कालची सगळी छावणी. तेच ट्रक, त्याच मुदपाकाच्या गाड्या, ओळीने उत्तरेकडे.

"हॅरिसने पाहिलं?" मी विचारलं.

"पाहिलं म्हणजे? आधी त्यानेच बोट दाखवलं. म्हणाला, गुड लॉर्ड, मेजर, आपली कालची सर्कस निघाली."

रविवारी त्यांना दुसऱ्या छावणीत नेलं. वेगळी पलटण म्हणून सांगितलं, वेगळा कर्नल पुढे केला. मेजर मुदपाकखान्यात शिरले, स्टुलावर बसले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत आचाऱ्याने समोर बशी ठेवली. उकडलेली अंडी, फोडलेला कांदा, जाडं मीठ. मेजरांनी वर बघितलं. शुक्रवारचाच आचारी! सवयीने करून बसला होता बिचारा. लक्षात आल्यावर त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. मग लढाईत दोघांनीही उचललेल्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये तो हळू आवाजात बोलला. ट्रक काल आणले, चुली काल आणल्या, बूटसुद्धा काल आणले. पाहुणे गेले की बूट काढून घेतात आणि गडी कॅनव्हासच्या जोड्यांत फिरतात. मेजरांनी विचारलं, "आणि बर्फात?" आचाऱ्याने नुसते खांदे उडवले.

"बडा घर पोकळ वासा," मेजर म्हणाले आणि त्यांनी माझ्या टेबलावर मूठ आपटली. "लिहा. नॉट रेडी. पुढे काही नाही. विशेषण नाही, शेपूट नाही. नॉट रेडी."

मीटिंग त्याच आठवड्यात झाली. मी कोपऱ्यात पॅड घेऊन बसले होते. ती मीटिंग आजही आठवली की माझं डोकं फिरतं. डायरेक्टरांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "मेजर, शनिवारच्या त्या ट्रकांची त्याच वेळी केलेली नोंद आहे का?"

"नाही. शनिवारी मी लिहीत नाही. रविवारी अंधार पडायच्या आत सगळं लिहिलं, ते तुमच्यापुढे आहे."

"म्हणजे आठवणीतून."

"डोळ्यांनी पाहिलेलं आठवणीतूनच लिहितात. हॅरिसला विचारा. तो शेजारी उभा होता, आणि त्याला शनिवार नाही. त्याच्या खिशात पेन होतं."

सगळे हॅरिसकडे वळले. हॅरिसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "रस्त्यावर काही वाहनं होती खरी. पण अंतर बरंच होतं. लष्करी ट्रक सगळे सारखेच दिसतात. मला खात्रीने काही सांगता येणार नाही."

मी लिहायची थांबले. मेजर त्याच्याकडे वळले. वाटलं, आता हा माणूस टेबल उलटवणार. पण ते शांतपणे म्हणाले, "ठीक. मग आचारी. दोन छावण्यांत एकच आचारी कसा?"

"सैन्यात आचाऱ्यांच्या बदल्या होतात, मेजर," हॅरिस म्हणाला.

"एका दिवसात? चुलीसकट?"

"थोडक्यात," डायरेक्टर म्हणाले, "एका उकडलेल्या अंड्याच्या पुराव्यावर आपण एका राष्ट्राला युतीबाहेर ठेवायचं?"

आणि सगळे हसले. मोठ्याने नाही हो, ते तसे हसत नाहीत. नाकातून, सभ्यपणे, एकमेकांकडे बघून. हॅरिससुद्धा हसला. त्याचं ते हसू मी कधी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. आजोबांच्या घाण्यापासून चालत आलेला नेम, त्याची त्यांनी त्या टेबलावर थट्टा केली. खोटं लिहून आणलं असतं तर चाललं असतं. शनिवारची नोंद रविवारी लिहून वर शनिवारची तारीख टाकली असती, तरी कुणी विचारलं नसतं. तेवढंही त्या माणसाने केलं नाही, म्हणून तो हास्यास्पद!

डायरेक्टर पुढे म्हणाले, "आचाऱ्याचं नाव द्या. वकिलातीमार्फत रीतसर विचारून घेऊ."

तेव्हा मात्र मेजर उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "विचारा! रीतसर विचारा! आणि उद्या तो तुरुंगात, परवा भिंतीपुढे! मी त्याच्या हातचं खाल्लंय. नाव मिळणार नाही." मग हॅरिसच्या कागदांवर बोट ठेवून म्हणाले, "बचत आपली आणि गारठणार ते. तेव्हा आम्ही होतो, आता हे आहेत. तुमच्या हिशेबात एवढाच फरक पडलाय." टेबलाच्या टोकाला कुणीतरी हळूच खोकलं. डायरेक्टर म्हणाले, "थँक यू, मेजर. पुढचा विषय."

मेजरांनी अहवालावर सही करायला नकार दिला. मग त्यांचं प्रकरण हॅरिसने लिहिलं. 'काही मर्यादा सोडता तयार.' ते टाइप करायला माझ्याकडे आलं तेव्हा मी सरळ सांगितलं, माझा हात दुखतोय, दुसरीला द्या. दुसरीने केलं. माझ्या नकाराने काय फरक पडायचा होता? वर्ष संपायच्या आत मेजरांना वेळेआधी निवृत्त करण्यात आलं, आणि हॅरिसच्या दारावर डेप्युटी डायरेक्टर अशी पाटी लागली.

मला वाटलं, आता हे घरी बसतील, कोकणातल्या गोष्टी सांगतील. कुठलं काय! माणूस पेटला होता. आपल्या भागातल्या खासदाराची लोकांना भेटायची वेळ असे, तिथे गळक्या छपरांच्या आणि कौन्सिलच्या घरांच्या तक्रारी घेऊन आलेल्यांच्या रांगेत हे दर खेपेला उभे. खासदार म्हणायचा, "आय शॅल लुक इन्टू इट." मंत्रालयाच्या दारावर गेले, आतून चहाही विचारला नाही. फ्लोराबाई मला फोनवर म्हणाल्या, "सुमनबाई, तुम्ही तरी सांगा यांना. रक्तदाब वाढलाय. झोपेत बूट, बूट करतात." मी रविवारी जेवताना विषय काढला. म्हटलं, "मेजरसाहेब, तुमच्याने होतं ते केलंत. आता सोडा."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "का सोडू? बर्फ पडायला अजून वेळ आहे ना? तोवर कुणीतरी ऐकेल. नुसते बूट पाठवा म्हणतोय मी. युतीत घ्या, नाहीतर चुलीत घाला, पण त्या गड्यांना आधी बूट द्या. एवढं एक काम माझ्या हातून होऊ दे, मग मी गप्प बसतो."

नाही ऐकलं कुणी. हिवाळ्यात त्या देशाच्या पलटणी युतीच्या सैन्याबरोबर सरावासाठी त्याच डोंगरात चढवल्या. इथे तेव्हा संपांमुळे वीज जायची, आम्ही मेणबत्त्या लावून जेवायचो. एका सकाळी अल्परटनहून गाडी पकडली आणि पेपर उघडला. आतल्या पानावर खाली, कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या बातमीखाली छोटीशी बातमी होती. हिमवादळात सरावातल्या सैनिकांचे मृत्यू. अपुरी पादत्राणे असल्याचं समजतं. बस्स, एवढंच. समजतं म्हणे! मला गाडीतच इतकं रडू फुटलं की शेजारच्या बाईने हातरुमाल पुढे केला. ऑफिसला न जाता मी उलटी गाडी पकडली आणि विल्सडन ग्रीनला गेले.

मेजरांनी बातमी वाचली. मला वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. नाही घेतलं. पेपर नीट घडी करून ठेवला आणि म्हणाले, "त्या आचाऱ्याच्या चुलीपर्यंत तरी गडी पोचले असतील का हो?" फ्लोराबाई आत जाऊन चहा टाकू लागल्या.

पुढचं ऐका. तो देश काही युतीत आला नाही. मोठ्या देशांनी प्रकरण गुपचूप गुंडाळलं. आणि मग आमचे डायरेक्टर टेलिव्हिजनवर आले! तोच गोड आवाज. म्हणाले, "आमच्या संस्थेने या सैन्याच्या तयारीबद्दल अगदी सुरुवातीपासून शंका व्यक्त केली होती." आयत्या बिळावर नागोबा! मी हातातला पोळपाट खाली ठेवला आणि टेलिव्हिजनशीच भांडले. शेजारची गुजराती बाई काय झालं म्हणून बघायला आली.

त्यावर कडी म्हणजे संस्थेने एक पुस्तिका काढली. नव्या सदस्यांची तयारी कशी तपासावी, हा विषय. तिच्यात मुदपाकखाना होता, बूट होते, आचाऱ्यांशी बोलावं असंही होतं. सगळं मेजरांचं. प्रकाशनाचा समारंभ खालच्या मोठ्या दालनात ठेवला. जाड कार्पेट, शेरीचे ग्लास, कोटाला फुलं लावलेली मंडळी. आणि मेजरांना सन्मानाने बोलावलं होतं. मला खात्री होती की येणार नाहीत. आले. तोच पलटणीचा टाय, बूट आरशासारखे घासलेले. मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मी त्या दिवशी ग्लासांच्या टेबलापाशी होते.

डायरेक्टरांनी भाषण केलं. "आमचे जुने सहकारी मेजर के, यांना ते तेव्हाच दिसलं होतं. आणि ते बरोबर होते!" टाळ्या झाल्या. सगळे त्यांच्याकडे बघून कौतुकाने हसत होते. कुणीतरी त्यांच्या हातात ग्लास दिला. मेजरांनी तो परत ट्रेमध्ये ठेवला.

मग ते वाकले. मला वाटलं, चक्कर आली. ते बुटांच्या नाड्या सोडत होते. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही बाजूला ठेवले आणि त्या दालनाच्या मधोमध, सगळ्यांच्या पायांपाशी, जमिनीवर बसले. टाळ्या हळूहळू थांबल्या. त्यांच्यात मयत झालं की घरची माणसं चामड्याचे जोडे काढून जमिनीवर बसतात, हे मला नंतर फ्लोराबाईंनी सांगितलं. त्या क्षणी मला काही ठाऊक नव्हतं. तरी मला कळलं.

"मेजर," डायरेक्टर वाकून म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मी ठीक आहे," मेजर म्हणाले. त्यांचा आवाज दालनभर ऐकू गेला. "मी बरोबर होतो, म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. माणसं मेलीत. आमच्याकडे मयताला कुणी उभ्याने शेरी पीत नाही. खाली बसा."

कुणी बसलं नाही. एक जण घड्याळात बघायला लागला, दोघंतिघं खिडकीकडे सरकले. मेजर एकेकाच्या तोंडाकडे बघत मांडी घालून बसून राहिले, मोज्यांतले पाय कार्पेटवर.

तेवढ्यात हॅरिस गर्दीतून पुढे आला. तोंड पांढरं पडलेलं, हातात भरलेला ग्लास. त्यांच्यासमोर येऊन त्याने एक गुडघा टेकला, दुसरा टेकायला लागला.

मेजरांनी हात वर केला. "यू, नो," ते म्हणाले. "हॅरिस, यू स्टँड."

हॅरिस अर्धवट वाकलेला होता तो उठून सरळ झाला, आणि हातातला ग्लास कुठे ठेवावा ते त्याला कळेना.